जाहिरातीवाचून ओळख : सुपेल्याच्या टेबलावरून चालणारा एक व्यवसाय

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. गृहकर्जाच्या टेबलावर बसणाऱ्या बँक कर्मचाऱ्याला तिचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. आयुष्यभराची पुंजी घेऊन आलेल्या ग्राहकाच्या हातात भूखंडाचे कागद असतात, मनात घराचे स्वप्न असते. परंतु ते स्वप्न कागदावर उतरवण्यासाठी नेमके कोणाकडे जावे, हे मात्र पुष्कळदा त्याला ठाऊक नसते. शेजाऱ्याने सुचवलेला ठेकेदार, ओळखीतला नकाशा काढणारा, नाहीतर एखादा नातेवाईक, असा त्याचा प्रवास सुरू होतो. त्याच शहरात उत्तम शिक्षण घेतलेला, अनुभवी वास्तुविशारद कामाची वाट पाहत बसलेला असतो. दोघांची गाठच पडत नाही.

ही गाठ घालून देण्याच्या गरजेतून एक नवा व्यवसाय आकारास आला आहे. वास्तुविशारदांच्या कामाची योग्य माणसांना योग्य रीतीने ओळख करून देणारा विपणन सल्लागार, आणि तोही दूर आपल्या गावी बसून संगणक व दूरध्वनीच्या साहाय्याने काम करणारा! असा व्यवसाय मुंबई-पुण्यातच चालू शकतो असे नाही. छत्तीसगडमधील भिलाईच्या सुपेला या गजबजलेल्या वस्तीतूनही तो करता येतो. तो कसा चालतो, त्यात अडचणी कोणत्या आणि त्याच्या आर्थिक बाजूकडे बँकेचे ग्राहक व कर्मचारी यांनी कसे पाहावे, याचा हा परिचय. पुढे येणारे सल्लागाराचे चित्र कोणा एका व्यक्तीचे नाही, त्या व्यवसायाचे प्रातिनिधिक चित्र आहे. कायदे, नियम आणि इतिहास मात्र जसेच्या तसे आहेत.

पोलादाच्या नगरीतील सुपेला

भिलाई म्हटले की पोलाद कारखाना आठवतो. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने हा कारखाना उभारण्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबरच आखीव-रेखीव सेक्टरांची नगरी वसली. लोहमार्गाच्या पलीकडे ही शिस्तबद्ध वसाहत, तर अलीकडे ग्रेट ईस्टर्न रोडच्या कडेने वाढत गेलेला सुपेला. एकीकडे झाडांच्या सावलीतील कंपनीची घरे, दुसरीकडे दुकाने, दवाखाने, शिकवण्या आणि रविवारचा बाजार. भिलाईच्या या दोन्ही बाजू एकमेकींना पूरक आहेत.

या भूमीचे मराठी माणसाशी असलेले नाते जुने आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल येथे होता. पुढे १९५६ पर्यंत हा प्रदेश ज्या प्रांताचा भाग होता, त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले, तरी हावडा-मुंबई लोहमार्गावरील या पट्ट्याचा नागपूरशी असलेला घरोबा तुटलेला नाही. नोकरीनिमित्त येऊन येथेच स्थिरावलेल्या घरांतून आजही मराठी बोलली जाते, गणपती बसतात आणि दिवाळीत करंज्यांची ताटे शेजारी जातात.

दूर बसून बुद्धीचे काम करण्याची परंपराही या प्रदेशाला नवी नाही. १९०० साली माधवराव सप्रे यांनी पेंड्रा या आडवळणाच्या गावाहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. संपादनात रामराव चिंचोलकर त्यांचे सहकारी होते, तर मासिकाची व्यवस्था पाहणारे वामनराव लाखे रायपूरचे. मराठी मातृभाषा असलेल्या या मंडळींनी टपालाच्या भरवशावर, गावे वेगळी असताना, एक नियतकालिक तीन वर्षे चालवले. याच वामनराव लाखे यांचे नाव पुढे रायपूरच्या सहकारी बँकेच्या उभारणीशी जोडले गेले, ही आपल्या वाचकांना विशेष वाटावी अशी गोष्ट. त्यांच्याजवळ पोस्टाची पिशवी होती, आज इंटरनेटची जोडणी आहे. विचारांची देवघेव करण्यास एकाच खोलीत बसावे लागत नाही, हे मात्र तेव्हाही खरे होते.

मनाईच्या चौकटीतील व्यवसाय

साबण, स्कूटर किंवा सदनिका विकणाऱ्याला जाहिरात करण्याची मुभा असते. वास्तुविशारदाला ती नाही. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ अन्वये स्थापन झालेल्या वास्तुकला परिषदेकडे त्याची नोंदणी असते आणि परिषदेच्या १९८९ च्या व्यावसायिक आचरणविषयक विनियमांनी त्याच्यावर काही बंधने घातली आहेत. वकील आणि सनदी लेखापाल यांच्याही प्रसिद्धीवर त्यांच्या परिषदांनी मर्यादा घातलेल्या आहेत. विद्येवर चालणाऱ्या व्यवसायात ग्राहकाने ज्ञान आणि सचोटी पाहून यावे, भपका पाहून नव्हे, ही यामागची भूमिका.

या विनियमांनुसार वास्तुविशारदाने आपल्या व्यावसायिक सेवांची जाहिरात करू नये. परंतु काही अपवाद स्पष्टपणे दिलेले आहेत. कार्यालयाचा पत्ता बदलल्यास तशी सूचना तीन वेळा प्रसिद्ध करता येते. कार्यालयाबाहेर किंवा आपण केलेल्या इमारतीवर नाव लावता येते, मात्र अक्षरांची उंची दहा सेंटिमीटरहून अधिक नसावी. वृत्तपत्रे व अन्य माध्यमांत आपल्या कामाची चित्रे आणि वर्णन नावासह येऊ देता येते, पण त्यासाठी पैसे द्यायचे नाहीत आणि घ्यायचेही नाहीत. आपला अनुभव व क्षमता सांगणारी पुस्तिका काढता येते. ती मात्र ज्यांचे नाव व पद ठाऊक आहे अशा संभाव्य ग्राहकांनाच द्यायची. ग्राहक किंवा काम मिळवून देण्याबद्दल दलाली, सूट अथवा भेटवस्तू देण्याघेण्यास मनाई आहे. दुसऱ्या वास्तुविशारदाचे काम डावलून स्वतःकडे ओढण्यासही मनाई आहे.

नियमभंगाची तक्रार झाली आणि चौकशीत गैरवर्तन सिद्ध झाले, तर परिषद ताकीद देऊ शकते, व्यवसाय करण्यास काही काळ बंदी घालू शकते किंवा नोंदवहीतून नावही काढू शकते. नावाची ही नोंद किती मोलाची आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १७ मार्च २०२० च्या निकालावरून लक्षात येते. नोंदणी नसलेल्या व्यक्तीस इमारतींचे आराखडे करण्यास हा कायदा सरसकट प्रतिबंध करत नाही, परंतु 'वास्तुविशारद' ही उपाधी मात्र तिला लावता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणजे नोंदणीकृत वास्तुविशारदाला बाजारात नोंदणी नसलेल्यांशीही स्पर्धा करावी लागते. त्याच्यापाशी असलेली वेगळी गोष्ट एकच, ती म्हणजे त्याची उपाधी. आणि बेफिकीर प्रसिद्धीमुळे धोक्यात येते तीही तीच.

'न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत आणि बोलणाऱ्याचा कोंडा विकतो' अशी एक म्हण आहे. गहू जवळ असूनही मोठ्याने बोलण्याची मुभा नसलेल्या माणसाने काय करावे? सल्लागाराचे काम याच प्रश्नापासून सुरू होते.

कामाचे स्वरूप

आपली प्रातिनिधिक सल्लागार पोलाद कारखान्यातील निवृत्त कर्मचाऱ्याची मुलगी आहे, असे समजू. वाणिज्य शाखेचे शिक्षण, मोठ्या शहरात एका कंपनीच्या विपणन विभागात काही वर्षे नोकरी, आणि मग आईवडिलांच्या वयामुळे घरी परतण्याचा निर्णय. सुपेल्यातील घराच्या पहिल्या मजल्यावरील एक खोली हेच तिचे कार्यालय. तिच्या ग्राहकांपैकी कोणी नागपूरला, कोणी नाशिकला, कोणी कोल्हापूरला, तर एखादा दुबईत. प्रत्यक्ष भेट वर्षातून एकदा झाली तर झाली.

नवा ग्राहक आला की ती सर्वप्रथम त्याचा नोंदणी क्रमांक मागते आणि नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे की नाही ते पाहते. मग गेल्या चार-पाच वर्षांतील कामांची यादी करून घेते. प्रत्येक कामासमोर एक रकाना असतो : 'हा ग्राहक आपल्याकडे कसा आला?' बहुतेक उत्तरे जुना ग्राहक, नातेवाईक, ठेकेदार किंवा अभियंता यांच्याकडे बोट दाखवणारी असतात. ज्याने एकदा काम दिले, त्याच्याशी काम संपल्यावर संबंध ठेवलेलाच नाही, हेही याच यादीतून उघड होते. घराचा ताबा दिल्यानंतर एका पावसाळ्यानंतर आणि एका उन्हाळ्यानंतर वास्तुविशारदाने दूरध्वनी करून 'गळती नाही ना? पश्चिमेची खोली तापते का?' एवढे विचारावे, हा तिचा पहिला आणि बिनखर्चाचा सल्ला असतो.

दुसरे काम कागदपत्रांचे. वास्तुविशारद रेषांत विचार करतो. ग्राहक विचार करतो तो पैसे, दिवस आणि सोय यांचा. 'अवकाशांची प्रवाही मांडणी' या शब्दांनी ग्राहकाला काहीच कळत नाही. 'स्वयंपाकघरातून अंगणात खेळणारे मूल दिसेल' असे म्हटले की कळते. सल्लागार प्रत्येक पूर्ण झालेल्या कामाची एक पानी हकिगत तयार करते. भूखंड किती, कुटुंबात माणसे किती, अडचण काय होती, ती कशी सोडवली, काम कोणत्या टप्प्यांत झाले, हे सारे साध्या भाषेत येते. यात विशेषणे शक्यतो नसतात. पुस्तिका असो, संकेतस्थळ असो वा पुरस्कारासाठीचा अर्ज असो, या हकिगती त्याचा पाया ठरतात.

तिसरे काम छायाचित्रांचे. सुपेल्यात बसून नाशिकच्या घराचे छायाचित्र काढता येत नाही. त्यामुळे ती स्थानिक छायाचित्रकारास लेखी सूचना पाठवते. सकाळचे ऊन कोठून येते, कोणत्या कोपऱ्यातून जिना दिसतो, घरातील माणसांचे चेहरे नकोत, देवघर नको. घरमालकाची लेखी संमती घेतल्याखेरीज एकही चित्र बाहेर जात नाही. छायाचित्राच्या हक्काचा मुद्दाही ती आधीच लिहून घेते. मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा स्वामित्वहक्क, विरुद्ध करार नसल्यास, ते काढून घेणाऱ्याकडे राहतो, अशी आपल्या १९५७ च्या कायद्यात तरतूद आहे. परंतु करार असला की वाद उद्भवत नाहीत.

चौथे आणि सर्वांत दुर्लक्षित काम विचारणांची नोंदवही ठेवण्याचे. आलेला प्रत्येक दूरध्वनी, प्रत्येक पत्र, त्याची तारीख, काय विचारले, काय उत्तर दिले, पुढे काय झाले, हे एका तक्त्यात लिहिले जाते. विचारणेला आठ दिवसांनी उत्तर देणारा वास्तुविशारद 'मला कामे मिळत नाहीत' अशी तक्रार करतो, तेव्हा ती हा तक्ता त्याच्यासमोर ठेवते.

पाचवे काम ज्ञानप्रसाराचे. कडक उन्हाळ्यात भिंती कशा थंड राखाव्यात, जुन्या घरावर मजला चढवताना काय तपासावे, बांधकाम परवानगीसाठी कोणती कागदपत्रे लागतात, असे लेख वास्तुविशारदाकडून लिहून घेणे आणि ते स्थानिक वृत्तपत्रांना विनामोबदला देणे. लोकांना उपयोगी पडणारे ज्ञान देणारा माणूस लोकांच्या लक्षात राहतो.

याचे मोठे उदाहरण आपल्याच मातीतले आहे. सिंधुदुर्गातील आचरे गावी १९१६ साली जन्मलेले अच्युत कानविंदे मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, पुढे हार्वर्डला गेले आणि भारतातील आधुनिक वास्तुकलेच्या अग्रणींपैकी एक झाले. भिलाईचा करार झाला त्याच १९५५ साली त्यांनी शौकत राय यांच्यासह दिल्लीत आपली भागीदारी संस्था सुरू केली. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा परिसर ही त्यांची प्रसिद्ध कृती. शैक्षणिक परिसरांची रचना कशी करावी यावर १९६९ साली त्यांनी एका सहलेखकासह ग्रंथ लिहिला. १९७४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. केलेल्या कामाची नीट नोंद आणि मिळवलेल्या ज्ञानाचे मुक्त वाटप यांतून नाव कसे दूरवर जाते, हे अशा कारकिर्दीकडे पाहून कळते.

एक दिवस

सकाळी सात ते दहा हा तिचा लेखनाचा वेळ. रस्त्यावरची वर्दळ वाढण्यापूर्वी हकिगती, प्रस्ताव आणि पत्रे यांचे मसुदे होतात. दहानंतर महाराष्ट्रातील ग्राहकांशी बोलणी. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असल्याने तेथील कार्यालय सुरू होते तोवर येथे दुपार होऊ लागलेली असते. जेवणानंतर वडिलांची औषधे, एखादी डुलकी, आणि मग नोंदवह्या व देयके.

हे काम बाहेरून आरामाचे दिसते. शेजारच्या काकू 'आज सुट्टी का ग?' असे विचारतात, कारण ती सकाळी डबा घेऊन बाहेर पडत नाही. कारखान्याच्या भोंग्यावर दिवस मोजलेल्या वडिलांनाही सुरुवातीला हा प्रकार पटला नव्हता. कामाला गेल्याशिवाय काम कसे होते, हा त्यांचा प्रश्न. पहिल्या देयकाची रक्कम खात्यात जमा झाली, पासबुकावर छापून आली, तेव्हा त्यांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि मग 'नाव कोणाचे आहे हे?' एवढेच विचारले.

एकटेपणा ही या व्यवसायाची दुसरी बाजू आहे. चूक दाखवणारा सहकारी नाही, चहाच्या वेळी बोलायला कोणी नाही. ग्राहकाला माणूस डोळ्यांसमोर दिसत नसल्याने विश्वासही हळूहळू बसतो. त्यामुळे दर महिन्याच्या पाच तारखेला, मागितला नसला तरी, केलेल्या कामाचा दोन पानी अहवाल पाठवण्याचा नियम तिने स्वतःला घालून घेतला आहे. दूर असलेल्या माणसाची हजेरी त्याच्या शब्द पाळण्यातूनच लागते.

कसोटीचा प्रसंग

या व्यवसायातील खरी कसोटी पैशांच्या टंचाईत लागते. समजा, एका ग्राहकाकडे तीन महिने नवे काम आलेले नाही. कार्यालयाचे भाडे, मदतनिसांचे पगार डोक्यावर आहेत. तो म्हणतो, 'वृत्तपत्रात पैसे देऊन एक पान छापून आणा. बातमीसारखे दिसले पाहिजे. इंटरनेटवरही जाहिरात लावा. आणि नवीन काम मिळाले तर त्याचे पाच टक्के तुमचे.'

मोह दोन्ही बाजूंनी आहे. हा ग्राहक तिच्या मासिक उत्पन्नाचा मोठा वाटा देतो आणि त्यात पाच टक्के म्हणजे एखाद्या मोठ्या कामात वर्षभराची कमाई. परंतु पैसे देऊन घेतलेली प्रसिद्धी विनियमांना धरून नाही. काम मिळवून देण्याबद्दलची टक्केवारीही नाही. तक्रार झाली तर सल्लागाराला कोणती परिषद विचारणार नाही. नोंदणी धोक्यात येईल ती वास्तुविशारदाची.

अशा वेळी ती नकार देते, आणि तो लेखी देते. विनियमांतील संबंधित कलम पत्रात उद्धृत करते. आपले मानधन ठरावीकच राहील, टक्केवारी घेणार नाही, असे सांगते. त्याबरोबर पर्यायही सुचवते. गेल्या पाच वर्षांतील चाळीस ग्राहकांना स्वतःच्या हाताने पत्रे, जवळच्या शाळा व रुग्णालयांच्या ज्या विश्वस्तांची नावे ठाऊक आहेत त्यांना पुस्तिका, आणि अभियंता मित्रांसमोर एक व्याख्यान. काही ग्राहक हे ऐकतात. काही ऐकत नाहीत, दुसरा सल्लागार शोधतात, आणि पुढच्या महिन्यात खात्यात एक जमा कमी दिसते. तो महिना कसा काढायचा याचे उत्तर नीतिशास्त्राच्या पुस्तकात मिळत नाही; ते मिळते आधी केलेल्या बचतीत. हातात सहा महिन्यांचा खर्च शिल्लक असलेला माणूस 'नाही' म्हणू शकतो. ज्याच्याकडे तो नाही त्याला 'हो' म्हणावे लागते. बचत म्हणजे केवळ अडीअडचणीची सोय नव्हे, सचोटीला दिलेला तो आधार आहे.

हिशेबाची बाजू

ठरावीक मासिक मानधन हा या व्यवसायाचा कणा आहे. उदाहरणादाखल, एका ग्राहकाकडून महिन्याला २५,००० रुपये धरू. पाच ग्राहक असतील तर वर्षाची उलाढाल १५ लाख रुपये होते. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कर पद्धतीत सेवा देणाऱ्यांसाठी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २० लाख रुपयांची आहे, आणि परराज्यातील ग्राहकांना सेवा देणाऱ्यांनाही त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून ही सवलत मिळाली. ग्राहक सात झाले की उलाढाल २१ लाखांवर जाते आणि नोंदणी करून १८ टक्के कर आकारावा लागतो. म्हणजे २५,००० रुपयांच्या देयकावर ४,५०० रुपये कर आणि एकूण २९,५०० रुपये. हे ४,५०० रुपये आपले उत्पन्न नव्हे. ते शासनाच्या वतीने आपल्याकडे आलेले आहेत, हे विसरणारे पुढे अडचणीत येतात. ती रक्कम आली त्याच दिवशी वेगळ्या खात्यात वळवणे शहाणपणाचे.

आयकराचेही तसेच. पगारदाराचा कर मालक दरमहा कापतो. स्वतंत्र व्यावसायिकाला वर्षाचा अंदाज स्वतः बांधावा लागतो. कापला गेलेला कर वजा जाता देय कर दहा हजार रुपये किंवा अधिक होत असेल, तर आगाऊ कर भरावा लागतो. सर्वसाधारणपणे त्याचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना येतात. सल्लागाराने आपल्या भिंतीवरील दिनदर्शिकेत या चार तारखांभोवती वर्तुळे काढून ठेवावीत.

थकलेली देयके हे छोट्या व्यावसायिकाचे जुने दुखणे. वास्तुविशारदाला त्याच्या ग्राहकाकडून टप्प्याटप्प्याने पैसे मिळतात, टप्पा लांबला की त्याची ओढाताण होते आणि ती पुढे सल्लागाराकडे सरकते. येथे १ जुलै २०२० पासून सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी उपयोगी पडते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, परंतु ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसल्यास १५ दिवसांत. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. सेवा देणारा एकटा माणूसही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करू शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. देयकावर उद्यम क्रमांक छापलेला असला की पाठपुरावा करताना आवाज चढवावा लागत नाही.

निवृत्तिवेतन नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही, ही या स्वातंत्र्याची किंमत आहे. त्यामुळे पंधरा वर्षांचे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते, मे २००९ पासून सर्व नागरिकांना खुली झालेली राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना आणि स्वतःचा व आईवडिलांचा आरोग्यविमा, या तीन गोष्टींची तरतूद पहिल्या वर्षापासून करावी. कारखान्याच्या नोकरीत वडिलांसाठी जे आपोआप होत होते, ते मुलीला स्वतःच्या हाताने करावे लागते.

बँकेच्या टेबलाच्या या बाजूने

असा ग्राहक शाखेत येतो तेव्हा त्याच्याकडे पगारपत्रक नसते, दुकानाचा परवाना नसतो, मालाचा साठा नसतो. 'तुमचा व्यवसाय कोठे आहे?' या प्रश्नाला तो आपल्या संगणकाकडे बोट दाखवतो. त्याला परत पाठवणे सोपे असते. पण थोडे थांबून पाहिले तर त्याच्याकडेही पुरेसे पुरावे असतात. उद्यम प्रमाणपत्र, लेखी करार, क्रमांकित देयके, आयकर विवरणपत्रे, आणि मुख्य म्हणजे दरमहा ठरावीक नावांकडून येणाऱ्या जमा रकमा. पाच वेगवेगळ्या शहरांतून दोन वर्षे नियमित येणारी जमा ही एकाच मालकाच्या पगाराइतकीच, कधी कधी त्याहूनही अधिक भरवशाची असू शकते, कारण पाचही ग्राहक एकाच दिवशी जात नाहीत. मात्र निम्म्याहून अधिक रक्कम एकाच ग्राहकाकडून येत असेल, तर ती जोखीम लक्षात घ्यावी आणि ग्राहकालाही दाखवून द्यावी.

ग्राहकानेही आपली बाजू सांभाळावी. व्यवसायासाठी स्वतंत्र चालू खाते उघडावे, घरखर्च त्यातून करू नये. स्वतःला दरमहा ठरावीक रक्कम 'पगार' म्हणून बचत खात्यात वळवावी. देयक पाठवल्याची व पैसे आल्याची तारीख लिहून ठेवावी. संगणकासाठी कर्ज हवे असल्यास गरज पडण्याच्या आदल्या दिवशी येऊ नये. खाते सुरळीत चालू असताना शाखेत ओळख ठेवावी. वास्तुविशारदांना जो सल्ला ती देते, तोच तिने स्वतःलाही लावून घ्यावा. ओळख काम असताना जपायची असते.

समारोप

भिलाईच्या पहिल्या पिढीने पोलाद ओतले. त्या पोलादाचे रूळ झाले आणि देशभर अंथरले गेले. त्याच नगरीतील पुढची पिढी आज सुपेल्याच्या एका खोलीतून दूरच्या घरांच्या, शाळांच्या, रुग्णालयांच्या हकिगती लिहीत आहे. कामाचे स्वरूप पालटले. पण मोजमाप चोख, माल अस्सल आणि शब्द पक्का, ही अपेक्षा तीच राहिली आहे.

घर बांधू इच्छिणाऱ्या वाचकांसाठीही यात एक धडा आहे. मोठ्या अक्षरांच्या जाहिराती पाहून वास्तुविशारद शोधू नका, कारण नियम पाळणारा वास्तुविशारद तेथे सापडणारच नाही. त्याचा नोंदणी क्रमांक विचारा, त्याने पूर्वी बांधलेले एखादे घर पाहा, आणि त्या घरात राहणाऱ्या गृहिणीला विचारा, 'उन्हाळ्यात पश्चिमेची खोली तापते का हो?' तिने दिलेले उत्तर हीच त्या वास्तुविशारदाची खरी ओळख. सुपेल्यातील सल्लागाराचे सारे श्रम ती ओळख तुमच्यापर्यंत पोहोचावी, यासाठीच चाललेले असतात.